वास गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही



या पानावर मी एरवी रानातलं लिहितो. पेरणी, पाऊस, फवारणी, काढणी. आज पिकअपबद्दल लिहितोय. विषय बदलला असं वाटेल, पण तसं नाही. बैलगाडी गेली आणि तिच्या जागी दारात डिझेलची पिकअप आली. बियाणं-खत तिच्यातच येतं, माल तिच्यातच आडतीला जातो आणि खरं बोलायचं तर माणसंही तिच्यातच जातात. बैल लंगडला तर आपण त्याला औताला जुंपत नव्हतो. गाडीच्या चाकातून जळका वास आला तर मात्र म्हणतो, "चल, हंगाम उरकू, मग बघू."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ब्रेकचा जळका वास कधी येतो, कधी येत नाही, म्हणून ते दुखणं किरकोळ समजू नका. आणि कारण सापडायच्या आधी सामान बदलू नका. दोन्ही चुका मी केल्यात.

ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीनची रास झाली, कट्टे भरले आणि लातूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. निलंग्याहून लामजना, औसा, लातूर हा आपला नेहमीचा रस्ता. गाडी पुतण्या चालवतो. तिसऱ्या फेरीनंतर तो म्हणाला, "काका, येताना औशाच्या अलीकडं जळका वास आला बघा. खाली उतरून बघितलं तर काहीच दिसंना." मी विचारलं, जाताना आला का? तर नाही. माल भरलेला असताना वास नाही, आणि रिकामी गाडी येताना वास! मला वाटलं रस्त्याच्या कडेला कुणी काहीतरी पेटवलं असेल. सोडून दिलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. गाडी मिस्त्रीकडं नेली. तिथं पोचेस्तोवर चाकं थंड आणि वास गायब. मिस्त्रीनं गाडी फिरवून बघितली, ब्रेक दाबून बघितला, सगळं बरोबर. तरी मी आग्रह धरला, "काहीतरी करा, वास येतोय." मग पुढचे पॅड बदलले. चार दिवसांनी वास परत. मग मागचे लायनर बदलले. परत वास. तेव्हा उत्तर मिळालं, "लायनर नवे हायत, बसूस्तोवर वास येतोच." हे खोटं नाही. नवे लायनर पहिले काही दिवस थोडा वास देतात. पण त्या एका वाक्यावर आम्ही दोन आठवडे काढले. काही हजार रुपये गेले आणि दुखणं होतं तिथंच होतं.

मिस्त्रीला मी दोष देत नाही. थंड झालेली गाडी आणि "कधीतरी वास येतो" एवढ्या माहितीवर कुणी काय निदान करणार? आपणच त्याच्याकडं दहा मिनिटांत इलाज मागतो. ताप उतरल्यावर दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला म्हणायचं, ओळखा ताप कशाचा होता. तसंच हे.

इथं मला सोयाबीन आठवलं. पान पिवळं पडलं की आपल्यातला प्रत्येक जण एकेक औषध सांगतो. पण पिवळं पडायची कारणं किती? आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, तेव्हा कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. पिवळा मोझॅक असेल तर पानावर पिवळे-हिरवे चट्टे दिसतात आणि त्यामागं पांढरी माशी असते. पाणी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही, तरीही पिवळंच. रंग एक आणि कारणं चार. कृषी सहायक नेहमी सांगतात, आधी बघा कोणतं पान पिवळं आहे, वरचं का खालचं, सगळ्या रानात का पाणथळ पट्ट्यातच. रानात हे आपल्याला पटतं. गाडीपाशी आलो की आपण विसरतो.

म्हणून मी पावसाची नोंद ठेवायची वही काढली आणि मागच्या पानांवर रकाने पाडले. तारीख. कुठून कुठं. भरलेली का रिकामी. पाऊस किंवा चिखल होता का. हँडब्रेक ओढला होता का. वास कुठं आला. कोणतं चाक तापलं. पुतण्याला सांगितलं, वास आला की सपाट जागी गाडी कडेला घ्यायची, शेवटी जोरात ब्रेक मारायचा नाही, हळूहळू थांबायचं. जोरात ब्रेक मारला की चारही चाकं तापतात आणि मग चोर ओळखू येत नाही. उतरून चारही चाकांजवळ जायचं, हात चार बोटं लांब धरायचा. हात लावायचा नाही, कातडं निघेल. बोटानं रिमवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. चर्र झालं की ते चाक लिहायचं.

ज्यांच्याकडं कोरोनातली कपाळाला लावायची गन पडून आहे, त्यांना सांगतो, ती इथं चालत नाही. ती अंगाच्या तापापुरतीच बनवलेली असते. मिस्त्री लोकांकडं कारखान्यात वापरायची तापमानाची गन मिळते, ती चालते. ती नसली तरी हात आणि दोन थेंब पुरतात. आपल्याला आकडा नको, फरक हवा. पुढच्या चाकांवर जास्त जोर येतो म्हणून ती मागच्यापेक्षा जास्त तापणं साधारण बरोबर. पण एकाच जोडीतलं डावं आणि उजवं सारखं तापलं पाहिजे. एक गार आणि एक भाजतंय, तर तिथंच दुखणं.

अकरा फेऱ्या लिहिल्या. वास आला चार वेळा. चारही वेळा मागचं उजवं चाक. चारही वेळा लातूरहून रिकामं येताना. आणि त्या चारही वेळी हँडब्रेकच्या रकान्यात 'हो' होतं.

कोडं तिथंच सुटत आलं. घरी किंवा रानात आम्ही हँडब्रेक ओढतच नाही. गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड लावायचा, झालं. आडतीत मात्र गाडी ओट्याला मागं लावली की हमाल म्हणतात, "हँडब्रेक ओढा, गाडी हलतीय." म्हणजे हँडब्रेक फक्त लातुरात ओढला जायचा. म्हणून जाताना भरलेल्या गाडीला वास नाही आणि येताना रिकाम्या गाडीला वास. वजनाचा इथं संबंधच नव्हता. पण हँडब्रेक ओढूनही दोन फेऱ्यांना वास आला नव्हता. म्हणजे तो दर वेळी अडकत नव्हता, कधीकधी अडकत होता.

आता तुम्ही म्हणाल, हँडब्रेक राहिला असता तर लाल दिवा लागला असता. मीही तेच म्हणालो होतो. पण त्या दिव्याचा स्विच असतो हँडब्रेकच्या दांडीपाशी. दांडी खाली गेली की दिवा विझतो. केबल चाकापाशी मोकळी झाली का नाही, हे दिव्याला कळत नाही. दिवा दांडीची खबर देतो, चाकाची नाही.

मग मिस्त्रीकडं वही घेऊन गेलो. त्यानं पान वाचलं आणि म्हणाला, "हे आधी आणलं असतं तर लायनरचे पैसे वाचले असते." सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, मागचा एक्सल जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही, हे पोरांना सांगून ठेवा. हँडब्रेक ओढायचा, सोडायचा, चाक हातानं फिरवायचं, असं दहा वेळा केलं. डावं चाक दहाही वेळा मोकळं. उजवं तीन वेळा घट्ट राहिलं. उजव्या ड्रमकडं जाणारी केबल सोडवली, चाक लगेच मोकळं. म्हणजे ड्रममधलं सगळं ठीक, दोष केबलीचा.

केबल बाहेर काढली. वरचं कव्हर एका जागी बोटभर फाटलेलं आणि आतली तार गंजलेली. पुतण्याला लगेच आठवलं. जानेवारीत तूर काढली तेव्हा गाडी थेट पाट्यात घातली होती. तुरीची धसकटं कशी असतात ते तुम्हाला सांगायला नको, ट्रॅक्टरचं टायर फाडतात. त्यातल्याच एखाद्यानं कव्हर फाडलं असावं. पावसाळाभर आत पाणी आणि चिखल गेला, तार गंजली. दांडी सोडली तरी तार पुरती मागं सरकायची नाही, लायनर ड्रमला घासत राहायचे. लामजन्याच्या पुढं गावाकडच्या खड्ड्यांत गाडी आदळली की तार आपोआप सुटायची. म्हणून घरी पोचेस्तोवर वास नाही आणि मिस्त्रीकडं तर नाहीच. जानेवारीतली जखम ऑक्टोबरात दिसली. नवी केबल काही शे रुपयांत बसली. त्यानंतर आजतागायत वास नाही.

आता 'नुसता वासच तर होता' म्हणणाऱ्यांसाठी. मागचं एक चाक घासत राहिलं तर नुसता लायनर जळत नाही. ड्रम तापला की बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, ऑइल सील जातं, टायरसुद्धा पेटू शकतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच ड्रममध्ये व्हील सिलेंडर असतो, त्यात ब्रेक ऑइल असतं. ते ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-३ नवं असताना २०५ अंशांच्या पुढं उकळतं, पण ठरावीक ओल शोषल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ चं तेच २३० वरून १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय दिला की पायडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणजे दुखणं हँडब्रेकचं होतं, पण ऐन वेळी पायाचा ब्रेकही दगा देऊ शकतो.

आणि ती ऐन वेळ यायलाच होती. कोजागरीला आमच्याकडून तुळजापूरला जायचं ठरलं होतं. पाहुणे म्हणाले, हौद्यात सतरंजी टाकू, सगळे बसून जाऊ, तिथून खाली सोलापूरला लेकीकडं जाऊन येऊ. तुळजापूरहून सोलापूरकडं निघालं की घाट उतरावा लागतो. तेव्हा केबल सापडली नव्हती, वहीत दोनच नोंदी झाल्या होत्या. मी गाडी देणार नाही म्हणालो. मेव्हण्यांनी तोंड फुगवलं, "एवढ्याशा वासाला भ्यालात का दाजी?" म्हणाले. मी म्हणालो, हो, भ्यालो. बसनं गेलो. आज ते पान उघडलं की वाटतं, त्या दिवशीचं भिणं हे या हंगामातलं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

उतारावर ब्रेकला किती काम पडतं, त्याचा हिशोब करून बघा. माल धरून तीन टनांची गाडी सरळ उंचीनं १०० मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच घेतला, तर साधारण २९ लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेत नऊ लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता चार चाकांत वाटली जाते. त्यात एक चाक आधीपासूनच तापलेलं असेल तर काय होईल? म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगायचे. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांना मी हात जोडतो.

जास्त मालाचंही तेच. वजन दीडपट झालं की ही उष्णताही दीडपट होते. वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती चौपट लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, ते सगळ्यांना पाठ आहे. पण ब्रेक पावती फाडत नाही. तो एकदाच हिशोब करतो.

माझ्या गाडीत केबल निघाली म्हणून तुमच्याही गाडीत केबलच निघेल असं नाही. नाहीतर हे वाचून सगळे केबल बदलत सुटतील आणि माझ्या लिहिण्याचा उलटाच उपयोग होईल. म्हणून कुठं बघायचं ते थोडक्यात.

आधी वास ब्रेकचाच आहे का ते बघा. क्लचचा वासही जवळपास तसाच असतो, पण तो चाकापाशी नाही, केबिनच्या खाली मध्यभागी येतो. चिखलातून भरलेली गाडी काढताना, अर्धा क्लच दाबून ठेवला की येतो. सोयाबीनचं काड किंवा भुसकट सायलेन्सरच्या नळीला अडकलं तरी जळका वास येतो आणि त्यातून आगही लागते, राशीवरून गाडी काढली की खाली वाकून बघा. नळीला प्लास्टिक चिकटतं, इंजिनचं ऑइल ठिबकतं, वायर जळते, प्रत्येकाचा वास वेगळा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला. त्यानंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारी जाळी असते. काजळी भरली की गाडी ती स्वतः जाळून टाकते, त्या वेळी खालून गरम वास येतो आणि तोही कधीमधीच येतो. तो बिघाड नाही. पण त्या वेळी गाडी वाळल्या गवतावर किंवा काडावर उभी करू नका.

वास चाकाचाच असेल तर किती चाकं तापतात ते मोजा. एकच चाक तापत असेल तर दोष त्या चाकापाशी. पुढचं असेल तर कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्यात का, रबर फाटून पिस्टन गंजलाय का ते बघायचं. मागचं असेल तर हँडब्रेकची केबल, लायनरची स्प्रिंग, व्हील सिलेंडर. दोन्हीकडं बेअरिंगही बघायचं. मागची दोन्ही तापत असतील तर हँडब्रेक जास्त ताणून बसवलाय किंवा लायनर फार घट्ट केलेत. पुढची दोन्ही किंवा चारही तापत असतील तर चाकं सोडा, पायडल आणि मास्टर सिलेंडरकडं बघा. पायडलला वर थोडी मोकळी चाल हवी. ती नसेल तर ऑइल परत जायची वाट बंद राहते, गाडी तापेल तसतसा ब्रेक धरत जातो आणि थंड झाली की आपोआप सुटतो. हेही कधी येणारं, कधी न येणारं दुखणं.

आणखी एक चोर म्हणजे रबरी होस पाइप. बाहेरून नवा दिसतो, आतून फुगलेला असतो. पाय दिला की जोरानं ऑइल पुढं जातं, पाय काढला की मागं यायला वाट नाही. हे ओळखायची युक्ती मिस्त्रीनं दाखवली. चाक धरलेलं असतानाच त्या चाकाचं एअर काढायचं निपल किंचित सैल करायचं. ऑइल जोरात उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकलाय, म्हणजे दोष होसमध्ये किंवा मास्टरमध्ये. निपल सोडूनही चाक घट्टच राहिलं तर काहीतरी गंजून किंवा अडकून बसलंय. हे काम माहितगारानंच करावं. ऑइल गरम असतं, डोळ्यात जाऊ शकतं आणि नंतर एअर काढावी लागते.

एक चूक मी दोन ठिकाणी बघितलीय. ब्रेक ऑइल कमी दिसलं म्हणून घरातल्या ट्रॅक्टरच्या कॅनमधलं हायड्रॉलिक ऑइल ओतलं. असं चुकूनही करू नका. त्यानं ब्रेकची आतली रबरं फुगतात, ब्रेक धरून राहतात आणि मग सगळी रबरं बदलावी लागतात. झाकणावर जे लिहिलंय तेच ऑइल, तेही बंद डब्यातलं. आणि ओल धरते म्हणून दोन वर्षांनी बदलून घ्या.

वाटेत वास आला आणि चाक तापलेलं दिसलं तर पाणी ओतू नका, ड्रमला तडा जातो. हँडब्रेकही ओढू नका. तापलेला ड्रम फुगलेला असतो, थंड होताना आवळतो आणि लायनर आतच अडकतात. गिअरमध्ये टाका, दगड लावा, आपोआप थंड होऊ द्या. आणि थंड झाल्यावर 'सुटली' म्हणून तसंच पुढं दामटू नका. निघालात तरी हळू, रिकामी आणि सरळ मिस्त्रीपर्यंत.

माझा अनुभव ऐकून दोघं-तिघं म्हणाले, "म्हणूनच आम्ही हँडब्रेक वापरतच नाही." हे मला अजिबात पटत नाही. आमची केबल गंजली त्यात न वापरण्याचाही वाटा होता. रोज हलणारी तार मोकळी राहते. वापरात नसलेल्या विळ्यावर गंज चढतो, तसंच तिचं. थंड गाडीला रोज एकदा हँडब्रेक ओढा आणि सोडा. पावसाळ्याच्या आधी आणि तुरीच्या काढणीनंतर एकदा गाडीखाली बॅटरी मारून केबलचं कव्हर, होस पाइप, ब्रेकच्या नळ्या बघा. आणि जमलं तर धसकटात गाडी घालूच नका, कट्टे बांधापर्यंत आणा. मी तसं ठरवलंय.

हंगामात वेळ कुठं, हा प्रश्न मलाही पडतो. पण वहीत एक ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. मी न लिहिता जे दोन आठवडे घालवले, त्यात दोनदा गाडी मिस्त्रीकडं दिवसभर उभी होती. भाव बघून माल न्यायचा होता, तेव्हा गाडी दारात नव्हती. वेळ वाचवायला गेलो आणि वेळच घालवला.

शेवटचं बोलणं अवघड आहे, पण बोलतो. त्याच दोन आठवड्यांत, वास येत असताना, आमच्या गाडीच्या हौद्यातून सोयाबीन काढायला बाया येत होत्या. रोज नऊ-दहा जणी. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात हे मला माहीत आहे, तुम्हालाही आहे, आणि आपण सगळेच बसवतो. त्यांना वासाचं काहीच माहीत नव्हतं. एकीनं विचारलंही होतं, "मालक, कायतरी जळूलालंय का?" मी म्हणालो, काही नाही, नवे लायनर आहेत. माझ्या पाहुण्यांना मी घाटात नेलं नाही, पण त्या बायांना रोज आणत राहिलो. रस्ता सपाट होता, काही झालं नाही, एवढंच. यात माझी हुशारी काहीच नाही. आता बाया आणायला मी रिक्षा सांगतो. भाडं जातं. जाऊ दे.

गाडीत बसलेल्याला चाक बघता येत नाही, ते बघायचं काम चावी ज्याच्या हातात आहे त्याचं. सोयाबीन विकून झालं, आता तुरीच्या फेऱ्या सुरू होतील. त्याआधी एकदा गाडीखाली वाका. आणि वही गाडीतच ठेवा, घरात नको.